घसरंडीच्या तोंडावरचे काटे

तिथेच उभे राहा. आधी बुटांचे तळवे बघू द्या, मग बोलू.

मी या राखीव जंगलातली उताराची वाट. तुम्ही मला कडेच्या वाळक्या झाडावरून नि त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या बाणावरून ओळखता. मी तुम्हाला पायांवरून ओळखते. चेहरा काय, हवा तसा करता येतो. पाय खोटं बोलायला लागले की टाच आधी फुटते.

मला कुणा इंजिनिअरने आखलेलं नाही. आधी हरणं उतरली, त्यांच्यामागून सरपण वेचणाऱ्या बायका. डोक्यावर मोळी असली की सरळ उतरता येत नाही, मान आखडते. म्हणून त्या वळत वळत गेल्या नि मी वळणावळणाची झाले. कुणी मला वाकडी म्हटलं तर मी ऐकून घेत नाही. माझ्यावरून पाणीसुद्धा चालत जातं, पळत नाही.

मग जंगल राखीव झालं. बायका यायच्या बंद झाल्या आणि धावणारे आले. रंगीत बूट, मनगटावर घड्याळ, पाठीवर पाण्याची पिशवी नि तिला नळी, ती पळता पळता चोखायची. वर पोचले की झाडाकडे बघत नाहीत, मनगटाकडे बघतात. एक गृहस्थ तर माझ्या दुसऱ्या वळणावर बसून राहतात, बाटलीतलं पाणी सदऱ्यावर शिंपडतात आणि बायको येताना दिसली की धापा टाकायला लागतात. मी गप्प बसते. विसरत मात्र नाही.

यांच्याच घाईतून माझी सवत जन्माला आली. वळण घ्यायचा कंटाळा आलेल्यांनी माझ्या वरच्या टोकापासून थेट खाली उड्या घेतल्या. एकाचं बघून दुसऱ्याने घेतली. तिथलं गवत गेलं, माती उघडी पडली, पाण्याने चर पाडला. आमच्या वनरक्षक बाई तिला घसरंडी म्हणतात. एक दिवस बाईंनी काटेरी फांद्या ओढत आणल्या आणि घसरंडीच्या तोंडावर रचल्या.

"आता बघते कोण जातं ते," असं म्हणून त्या हात झटकत गेल्या.

माझं समाधान झालं नाही. काट्याने गुरं अडतात. माणूस अडतो का, याची मला शंका होती.

शंका तशी मला सगळ्यांचीच येते, पण नियमभाऊंची जास्त. हे धावणाऱ्यांचे म्होरके. कागद टाकू नका, आरडाओरडा करू नका, वळण कापू नका, असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत राहायचे, म्हणून गटाने हे नाव पाडलं. बोलणं सगळं बरोबर. पण घसरंडीपाशी आले की त्यांचा डावा पाय आधी तिकडे वळायचा, आणि मागे कुणाची चाहूल लागली की मुकाट परत यायचा. बाकी कुणी पाहिलं नसेल. माझ्या तर अंगावरच घडत होतं.

त्यांची थोरली बहीण नोकरीतून मोकळी झाल्यावर धावायला लागली. शिकवलं भावानेच. "ताई, काटे टाकलेले दिसले की तिथे पाय घालायचा नाही. दुसऱ्या बाजूने जायचं." ताई ऐकायची. ऐकता ऐकता भावाच्या पुढे जायला लागली.

"नियमभाऊ, ताईंना जरा हळू पळायला सांगा," गटातले म्हणायचे, "तुम्ही दिसेनासे झालात."

ते हसायचे. टाच हसत नव्हती.

त्या सकाळी दाट धुकं होतं. भाऊ वर ताईला म्हणाले, "तू ये सावकाश. मी खाली थांबतो." आणि सुटले. घसरंडीपाशी आले, मागे बघितलं, धुक्यात कुणी दिसलं नाही. फांद्यांना हात घातला आणि ओढून बाजूला टाकल्या. बाजूला म्हणजे कुठे? माझ्या तोंडात. परत जाताना पुन्हा जागेवर ठेवू, असं मनात असेल. मनातलं मला दिसत नाही. हे महाशय माझ्यावरून न जाता तिच्यावरून गेले, एवढं कळलं.

मागून ताई आली. माझ्यावर काटे, शेजारी मोकळं. ती मोकळ्या बाजूने गेली. सुटलेल्या दगडावर पाय पडला आणि घोटा मोडला.

ओरडणं ऐकून भाऊ खालून चढत आले. भाऊंची बायको धावत नाही, गप्पा मारत मागून येते, तीही पोचली. बाई आल्या, त्यांचे साहेब आले. साहेबांनी काटे बघितले.

"फांद्या वाटेवर कुणी टाकल्या?"

"मी घसरंडीवर टाकल्या होत्या, साहेब."

"मग इकडे कशा आल्या? चालत?"

बाई फांद्यांकडे नि घसरंडीकडे आळीपाळीने बघू लागल्या. त्यांना तरी काय ठाऊक?

"तुमच्याकडून एवढंही होत नसेल तर तुमचं बघावं लागेल," साहेब म्हणाले. "आणि हा उतारच बंद करून टाकू. दोन्ही वाटा बंद."

वाट बंद झाली की तिच्यावर गवत येतं. तुम्हाला ते हिरवं दिसतं, छान वाटतं. मला ते श्राद्धाला माझ्या नावाने भरलेलं ताट वाटतं. मी नियमभाऊंच्या पायांकडे बघत राहिले. ते एकाच जागी माती उकरत होते.

वहिनींनी नवऱ्यापुढे पाण्याची बाटली धरली. त्यांनी ती मनगटांमध्ये दाबून घेतली.

"अहो, हात दाखवा."

"काही नाही गं. पडलो मघाशी."

"पडलात तर गुडघा फुटेल. बोटांच्या पेरांत काटे कसे घुसतील?" वहिनींनी त्यांची मूठ उघडली. "साहेब, जरा इकडे बघा. फांद्या चालत नाही आल्या."

मग भाऊंनी सांगितलं. मान खाली घालून, पण सगळं.

ताई दगडावर बसली होती, पायाला रुमाल बांधलेला. ती रागावली नाही. म्हणाली, "तू सांगितलं होतंस, काटे दिसले की तिथे जायचं नाही. मी नाही गेले."

त्यावर भाऊ रडले. मी त्यावरही लगेच विश्वास ठेवला नाही.

साहेबांनी बाईंना उगाच बोललो असं काही म्हटलं नाही. ‘ही वाट सध्या चालू ठेवा,’ एवढंच म्हणाले. ‘सध्या’ हा शब्द मला अजिबात आवडत नाही. घसरंडीत मात्र ओंडके आडवे टाकले, माती भरली. ओंडके वाहायला भाऊ येतात. लोक त्यांचं कौतुक करतात, आणि ते थांबवत नाहीत, तेही मी बघते.

परवा ताई आली, काठी न घेता. वरच्या टोकाशी भाऊ अदबीने बाजूला झाले.

"ताई, तू हो पुढे. मी आहे मागे."

"नको. तूच हो पुढे."

"अगं, तुझ्या पायाला काही झालं तर?"

"पायाला काही होत नाही. मला तू दिसायला हवास."

ते पुढे झाले. प्रत्येक वळणावर मागे बघत, आपण दिसतोय ना याची खात्री करत, अख्खा उतार त्यांनी माझ्यावरून उतरला. ताई मागून आली, स्वतःच्या चालीने. पाय एकदाही लटपटला नाही.

झाले बघून तुमचे तळवे. जा आता. पाऊल पुरतं टेकवून जा, मला कळेल असं.