विहिरीतली चार पानं

आमच्या घरात सगळ्यात जास्त लाड कोणाचे होत असतील, तर ते कपाटातल्या कॉमिक्सचे. जेवायला बसताना आमचे हे नळाखाली बोटं नुसती दाखवून आणतात. पण कॉमिक्सला हात लावायचा असला की साबण, टॉवेल, आणि वर पंख्याखाली उभं राहून हात वाळवणं. प्रत्येक अंक वेगळ्या पारदर्शक पिशवीत, पाठीशी ताठ पुठ्ठा, कपाटात ओल धरू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात पांढऱ्या पुड्या. मी एकदा म्हटलं, "अहो, मलाही एखादी पिशवी शिवून घ्या, माझेही कोपरे दुमडायला लागलेत." तर म्हणाले, "तुला आता फार उशीर झाला." घ्या! आणि मी यांच्यासाठी रोज चहा करते.

यांचा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला, म्हणून सगळे यांना पेंटर म्हणतात. यांच्यासारखाच कॉमिक्सने झपाटलेला यांचा एकुलता एक मित्र म्हणजे चष्मेवाला. त्याचं चष्म्यांचं दुकान आता त्याची मुलगी बघते, हा कोपऱ्यात बसून गिऱ्हाइकांशी गप्पा झोडतो. दर रविवारी दुपारी तो आमच्याकडे येतो, आणि दोघं समोरासमोर बसून एकमेकांना काही म्हणजे काही सांगत नाहीत.

कारण या लोकांचा एक कायदा आहे. जुन्या बाजारात जी वस्तू हवी असते, तिच्याकडे बघायचं नाही. तिच्या शेजारची उचलायची, नाक मुरडायचं, आणि जाता जाता विचारल्यासारखं करायचं, "आणि हे काय आहे?" हवं आहे असं कळलं की विकणारा भाव वाढवतो. बाजारापुरतं ठीक होतं हो, पण यांच्या ते अंगातच मुरलंय. यांना टोमॅटो हवे असले की हे अर्धा तास कांदे दाबत बसतात. एवढंच कशाला, लग्नाआधी आमच्या घरी आले होते तेव्हा माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. सगळा वेळ माझ्या भावाशी त्याच्या सायकलबद्दल बोलत होते.

आता मुख्य गोष्ट. या दोघांकडे 'निळा मुखवटा'चा पहिला अंक आहे. तो काढणारा छापखाना तेवढा एकच अंक काढून बुडाला, त्यामुळे जगात मोजक्याच प्रती उरल्या आहेत. पण दोघांचेही अंक लंगडे. यांच्या अंकातला मधला कागद गायब, म्हणजे गोष्टीतली मधलीच चार पानं नाहीत. चष्मेवाल्याच्या अंकाला कव्हर नाही, आणि गोष्टीचं शेवटचं पान नेमकं कव्हरच्या आतल्या बाजूला छापलेलं. मी एकदा सरळ म्हटलं, "मग दोन्ही जोडून टाका की." दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी दोघांचे पाय कापून एकाला लावायला सांगितले. जोडलेला अंक म्हणजे भाव अर्धा, आणि न सांगता विकला तर चक्क लबाडी. बरं बाबा, राहिलं.

मग लिलावांचं खूळ सुरू झालं. आधी एक अख्खी प्रत गाडीच्या किमतीला गेली. दोन वर्षांनी दुसरी गेली ती घराच्या किमतीला. लंगड्या अंकांनाही भाव आला. त्या दिवसांत दोघं इतके निर्विकार चेहरे करून बसायचे की मला वाटायचं, यांना कुणी गेल्याचं कळलंय की काय.

एका रविवारी चष्मेवाला चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "पेंटर, मी माझा अंक लिलावाला पाठवतोय. पुढच्या सोमवारी पार्सल जाईल. मुलीला डोळे तपासायचं नवं मशीन घ्यायचंय."

"बरं झालं," हे म्हणाले. "आत्ता भाव चांगला आहे." आणि शेजारचा भलताच अंक उचलून त्याच्या पिना बघायला लागले. उलटा धरला होता.

त्या आठवड्यात यांचं कशात लक्ष नव्हतं. जेवताना घास हातात धरून भिंतीकडे बघायचे. शेवटी मी ताट सरकवलं आणि म्हटलं, "आता बोला. काय बिनसलंय?"

यांनी हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाले, "अगं, तो विहिरीतून बाहेर कसा आला?"

"कोण?"

"निळा मुखवटा! त्याला विहिरीत टाकतात, वर दगडी झाकण लावतात. तिथे माझी पानं संपतात. पुढच्या पानावर तो सरळ खलनायकाच्या मागे उभा. आणि कपडे कोरडे! कोरडे, अगं!" यांचा आवाज चिरकला. "मी नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून विचार करतोय. शिडीवर उभा राहून पाट्या रंगवताना हाच विचार. भुयार असेल? दोर असेल? आता चष्म्याचा अंक जाणार, लिलाववाले तो प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करणार, आणि घेणारा तिजोरीत ठेवणार. परत कुणी उघडायचंही नाही."

"मग चष्मेवाल्या भाऊजींना विचारा की! गेली तीस वर्षं दर रविवारी समोर येऊन बसतात!"

"विचारलं तर तो भाव वाढवेल."

"कशाचा भाव? तुम्ही विकत घेणार आहात?"

"नाही."

"मग?"

हे पुन्हा भिंतीकडे बघायला लागले. माझं डोकंच फिरलं. तीस वर्षांचा चहा-बिस्किटांचा खर्च, आणि एक साधा प्रश्न विचारता येत नाही? पण यांचा चेहरा पाहिला आणि पुढचे शब्द तोंडातच राहिले. नऊ वर्षांचं पोर समोर बसलं होतं आणि त्याची पानं कुणीतरी नेत होतं. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं.

रविवारी चष्मेवाला आला तो पार्सलच घेऊन. म्हणाला, घरी नातवंडांचे हात लागतात, म्हणून बरोबर आणलं. पार्सल टेबलावर, आणि दोघं कशाबद्दल बोलतायत? दमट हवेबद्दल! पिना कशा गंजतात त्याबद्दल! मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. एकदा वाटलं, बाहेर जाऊन आपणच विचारावं. पण म्हटलं, नको. हे यांचं यांनीच करायला हवं.

चहा संपला. चष्मेवाला उठला, पार्सल काखेत धरलं आणि दारात बसून बूट घालायला लागला. "येतो, वहिनी," म्हणाला.

"थांब," हे म्हणाले.

यांनी कपाट उघडलं. हात न धुता! आपला अंक पिशवीतून काढला, कव्हरची आतली बाजू उघडली आणि चष्मेवाल्याच्या मांडीवर ठेवली. "शेवटचं पान. बघ. तुला मुखवट्यामागे कोण आहे ते माहीत नाही ना?"

चष्मेवाला एका पायात बूट घालून तसाच बसला. पानावर वाकला. मग त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "दिवे लावणारा?" तो म्हणाला. "तो रस्त्यावरचे दिवे लावणारा म्हातारा? अरे, मी जन्मभर डॉक्टर समजत होतो! बायकोशी पैज लावली होती!" आणि हसत सुटला. हसता हसता डोळे पुसायला लागला. "लेका, एवढी वर्षं दाखवलं का नाहीस?"

"तू विचारलं का नाहीस?"

"भाव वाढवशील म्हणून!"

मी दारात उभी होते. पदर तोंडात कोंबला, नाहीतर मोठ्याने हसले असते.

मग हे आमचे, कांदे दाबणारे, सरळ त्या पार्सलकडे बोट दाखवून म्हणाले, "चष्म्या, मला विहिरीतली पानं बघायची आहेत. फार बघायची आहेत."

चष्मेवाल्याने एका शब्दाने कुरकुर केली नाही. पार्सलची चिकटपट्टी नखाने उचकटली, पुठ्ठे काढले, आणि मधला कागद यांच्यासमोर उघडला. हे उभ्याउभ्याच वाचायला लागले. बोट कागदाला न टेकवता चौकटींवरून फिरत होतं. मग थांबलं.

"विहीर कोरडी होती," हे म्हणाले.

"हं."

"आणि त्याने... हाक मारली? कोणी आहे का, म्हणून? आणि माळिणीने झाकण सरकवलं?" आमच्याकडे बघितलं. "एवढंच? नुसती हाक मारली?"

"एवढंच," चष्मेवाला म्हणाला. "मलाही लहानपणी जरा राग आला होता."

हे मटकन खुर्चीत बसले. मला वाटलं, आता रडतात. पण हसले, पोटापासून. चष्मेवालाही हसला, आणि मी दुसरा चहा ठेवला.

सोमवारी पार्सल गेलं. अंक चांगल्या भावाने विकला गेला, मशीन आलं, आणि चष्मेवाल्याच्या मुलीने पहिले डोळे यांचेच तपासले, फुकट. रविवार चालूच आहेत. फक्त आता बडबड इतकी असते की मला दुपारची झोप मिळत नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच रविवारचं. चष्मेवाला गेल्यावर मी कप विसळत होते. हे मागे येऊन उभे राहिले. हातात फडकं होतं, पण कप काही पुसत नव्हते.

"ऐक ना. तुझ्या भावाची ती सायकल."

"तिचं काय?"

"मला ती बघायची नव्हती. मी तुला बघायला आलो होतो."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "त्या सायकलला पुढचं चाकच नव्हतं."

चाकाचं हे यांना त्या दिवशीच कळलं. फडकं हातात धरून उभेच राहिले. मी हातातला कप पुन्हा एकदा विसळला, कारण मला मागे वळायचं नव्हतं. इतकी वर्षं ठाऊक होतं, तरी यांच्या तोंडून ऐकायला फार बरं वाटलं.