अठरा ग्रॅमचा घास

ताईंनी वळलेले सुशीचे सहाही घास काट्यावर प्रत्येकी तंतोतंत अठरा ग्रॅम भरले. औषधांच्या कारखान्यात गोळ्या दाबायच्या यंत्रावर तीस वर्षं काढलेल्या बाईचा हात तो! शेफने एक तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिला.

"ताई, हा जेवणाआधी घ्यायचा की नंतर?"

ताई ओशाळल्या. लेकीला न सांगता सुशी शिकायला लागून महिना झाला होता. आज एक वाजता लेक तिच्या वाढदिवसाचं आईसोबत जेवायला याच दुकानात येणार होती. "आईच्या हाताला चव नाही, माप आहे," हे तिचं लहानपणापासूनचं पालुपद. शेफची अट होती, साडेबाराच्या आत एक घास मनासारखा जमला तर लेकीचं ताट ताईंच्या हातचं, नाहीतर त्याच्या. सव्वाबारा वाजून गेले होते.

"वजन बरोबर आहे की," ताई पुटपुटल्या.

"वजनाला कोण नावं ठेवतंय? आत हवा कुठाय? ठेवल्यावर घास किंचित खाली बसला पाहिजे. तुमचा बघा, ढिम्म!" त्याने काटा उचलून फ्रीजच्या डोक्यावर ठेवला.

काटा गेला आणि ताईंना चष्मा हरवल्यासारखं झालं. पुढचे दोन घास हातातच विस्कटले. सांडलेली शितं वेचताना त्यांना कारखान्याच्याही आधीची नोकरी आठवली. एका डॉक्टरांकडे त्या चूर्णाच्या पुड्या बांधायच्या. सैल बांधली तर सांडते, दाबली तर भुकटीचा खडा होतो. कडा तेवढ्या घट्ट मिटायच्या, पुडीच्या पोटाला हात लावायचा नाही.

त्यांनी हात ओले केले. माशाच्या कापावर कोमट भात ठेवला, दोन बोटांनी कडा मिटल्या आणि घास उलटा करून पाटावर ठेवला. तो केसभर खाली बसला, दमून खुर्चीत टेकावं तसा.

"हं," शेफ म्हणाला. महिन्याभरातली ही त्याची सगळ्यात मोठी स्तुती. "आणखी सात करा."

एक वाजता ताई पडद्याआड जीव मुठीत धरून उभ्या राहिल्या. लेकीने एकापाठोपाठ तीन घास संपवले. मग म्हणाली, "शेफ, आई अजून आली नाही वाटतं. आली की तिला हे शिकवा ना!"

"बाई हट्टी आहेत हो. काटा सोडत नाहीत."

"सोडला की!" पडद्यातून ताईंचं डोकं बाहेर आलं, टोपीसकट, हनुवटीला दोन शितं.

लेक चौथा घास हातात धरून बघतच राहिली. "किती ग्रॅमचा गं?"

"काय माहीत!" ताई म्हणाल्या, आणि त्यांनाच हसू आवरेना.