मार्केझाच्या पोटात

मार्केझानं उंदराकडे पाहिलंसुद्धा नाही. पान्फिलोमामानं तो शेपटीला धरून तिच्या तोंडापुढे हलवला, पेटीच्या फळीवर हळूच आपटला आणि शेवटी कंटाळून तिच्या वेटोळ्यावर ठेवून दिला. तिनं अंग आखडून घेतलं आणि डोकं कोपऱ्यातल्या कोंड्यात खुपसलं.

"बाईसाहेब रुसल्या," जेम्मामामी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तू गप्प बस, जेम्मा. ही मेली तर मला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

मार्केझा म्हणजे चार काळ्या रेघांची, जवळजवळ माझ्याइतकी लांब, बिनविषारी सापीण. दर मार्चमध्ये मामा तिला जुन्या गिरणीमागच्या दगडी बांधातून धरून आणतो. एक मे रोजी गावात धरलेले सगळे साप संत दोमेनिकोच्या पुतळ्यावर चढवून मिरवणूक काढतात, तेव्हा मामा तिला थेट संताच्या खांद्यावर ठेवतो. सण झाला की ती पुन्हा त्याच बांधात जाते. तिच्या कातडीखाली चिप आहे, त्यामुळे दरवर्षी तीच असते याबद्दल मला शंका नाही. मामाला ती शंका चिप येण्यापूर्वीही नव्हती.

साप ठेवण्याची परवानगी सणापुरतीच मिळते. हातात साप दगावला, तर पुढच्या वर्षी सणाची समिती मामाचं नाव काढून टाकेल अशी त्याला धास्ती होती. मामाच्या आजोबांपासून घरात साप धरले जातात. ते बंद पडलं तर मामाकडे वीजजोडण्यांचं काम आणि संध्याकाळचे पत्ते एवढंच उरलं असतं.

त्यात शेजारचा सिल्वेस्त्रो. तोही साप धरतो. "काय रे, मार्केझा उपास करतेय म्हणे?" तो कुंपणावरून विचारायचा. "चर्चमध्ये जास्त वेळ बसवलीस वाटतं तिला."

मी नुकतीच निसर्गविज्ञानाची पदवी घेऊन गावी आले होते. सणासाठी धरलेल्या सापांची वजनं आणि मापं घेण्याचं काम समितीनं मला दिलं होतं. म्हणून मामानं मला बोलावलं, आणि मी मार्केझाच्या पोटावरून दोन्ही अंगठे फिरवले. मध्याच्या थोडं अलीकडे एक टणक फुगवटा लागला.

"अंडी आहेत मामा. पोटात अंडी असली की सापीण खाणं सोडते. काळजी करू नकोस."

मामानं भिंतीला टेकून डोळे मिटले. त्या संध्याकाळी त्यानं सिल्वेस्त्रोला पाजली आणि मार्केझा आई होणार असल्याचं सगळ्यांना सांगितलं.

पण पुढच्या आठवड्यात वजन घेताना माझ्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. सापाची अंडी शरीराच्या मागच्या अर्ध्या भागात असतात आणि ती एकामागून एक ओळीनं लागतात. इथे गाठ एकच होती, पुढच्या भागात होती आणि जागची हललेली नव्हती. मार्केझाचा कणा आता कातडीखालून दोरीसारखा वर आला होता.

"मामा, मी म्हटलं ते बरोबर नव्हतं. ही अंडी नाहीत."

"मग काय आहे?"

"माहीत नाही. गाठ असेल. हिला सुल्मोनाला जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊ या."

मामानं मार्केझाला उशीच्या खोळीत घातलं, खोळीला गाठ मारली आणि ती माझ्या मांडीवर ठेवून गाडी सुरू केली.

डॉक्टर रुजेरी या गायीम्हशींइतक्याच सहजपणे साप हाताळणाऱ्या बाई. त्यांनी क्ष-किरण चित्र काढलं आणि पडद्यावर आणलं. मी बारीक कंगव्यासारख्या बरगड्या पाहत होते. त्यांच्यामध्ये एक अंडं होतं. सापाचं लांबट, मऊ कवचाचं नव्हे. कोंबडीचं. पूर्ण, अखंड, कडेला जाड पांढरं, जणू कुणी कंपास धरून काढलेलं.

मी पडद्याच्या आणखी जवळ गेले.

"कोंबडीचं अंडं हिच्या पोटात एवढे दिवस राहत नाही," मी म्हटलं. "ते फुटतं, कवच विरघळतं."

"हे विरघळणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ही चिनीमाती आहे."

मामा तपासणीच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसला. स्टुलावर सुयांचा खोका होता, तो त्याला दिसलाच नाही. "सिल्वेस्त्रो," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्या घरात शिरून त्यानं हिला..."

"मामा, ऊठ. खोक्यावर बसलायस."

मार्केझाला भूल दिली. डॉक्टरांनी तिच्या घशात तेल सोडलं आणि त्या ती गाठ बोटांनी वर सरकवू लागल्या, इतक्या सावकाश की ती हलते आहे हे मला फक्त खवल्यांच्या ताणावरून कळत होतं. अंडं आणखी खाली गेलं असतं तर पोट फाडावं लागलं असतं, असं त्या म्हणाल्या. जबडा ताणला गेला, आत पांढरं काही चमकलं, आणि अंडं स्टीलच्या ताटलीत खणकन पडलं.

डॉक्टरांनी ते पुसलं. त्याच्या पोटाभोवती लाल पट्टा होता.

तो पट्टा मी ओढला होता. गेल्या उन्हाळ्यात, माझ्याच नखांच्या रंगानं. कोंबड्यांनी ठरल्या जागी अंडी घालावीत म्हणून खुराड्यात खोटं अंडं ठेवतात. ते कुणी चुकून तव्यावर फोडायला जाऊ नये, म्हणून मामानंच मला रंगवायला सांगितलं होतं. पाच पावलांवरूनही दिसेल असा जाड पट्टा.

मामानं अंडं उचललं, फिरवलं, परत ठेवलं. "हे आपलं आहे," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर बोगदा संपल्यावर तो म्हणाला, "तिला साप कधीच आवडले नाहीत."

"मामा, मामी असं करणार नाही."

"पट्टा दिसतो ना? मग चुकून कसं होईल? तूच सांग, तू शिकलेली आहेस."

उशीच्या खोळीतून मार्केझाचा भूल उतरतानाचा थरथराट मांडीला जाणवत होता.

मामी कणीक मळत होती. मामानं अंडं तिच्यासमोर टेबलावर ठेवलं. तिनं मान वर केली, पण अंड्याकडे पाहिलं नाही.

"मेली का?"

"जगेल. हे काय आहे, जेम्मा?"

मामीनं पिठाचे हात पुसले आणि तळवा टेबलावरून सरकवत आणला. तो आधी मिठाच्या वाटीला लागला, मग अंड्याला. तिनं ते उचलून हातात तोललं. "अंडं."

"कुणाचं?"

"मला काय माहीत? तुझ्या बाईसाहेबांना एक दिलं होतं मी, एवढं खरं. तू कामावर गेलास की ती सारखी फळी खरवडायची. मला दया आली. खुडुक कोंबडीखालचं दिलं, चांगलं गरम होतं."

"गरम होतं? अगं, त्याच्यावर हा एवढा लाल पट्टा आहे."

मामीचा अंगठा अंड्यावरून एकदा गोल फिरला. मग उलट दिशेनं फिरला.

"पट्टा हाताला लागत नाही रे," ती म्हणाली.

चुलीवर पाणी उकळत होतं. मला मामीचं कॉफी ओतणं आठवलं. ती नेहमी एक बोट कपाच्या आत धरायची आणि कॉफी बोटाला लागली की थांबायची. मला ती सवय जराशी गलिच्छ वाटत असे. आल्यापासून रोज सकाळी मी ते पाहत होते आणि रोज सकाळी तीच कॉफी पीत होते.

मामानं तिच्या हातातलं अंडं काढून घेतलं, अगदी आवाज न करता, आणि ते तिच्या चेहऱ्यासमोर धरलं. मामीची नजर त्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर गेली होती.

"केव्हापासून?" मामानं विचारलं.

"कडेकडेनं दिसतं अजून थोडं. रंग मात्र गेले."

"केव्हापासून, जेम्मा?"

"मागच्या सणाला पुतळा माझ्या समोरून गेला. तू मला विचारलंस, मार्केझा कशी शोभते. मी म्हटलं, छान. मला तिथे काळोखच दिसत होता."

मामा खाली बसला. या वेळी खुर्ची होती. "आणि बोलली नाहीस."

"बोलले असते तर तू कोंबड्या विकल्या असत्यास. मग डोंगरावर जाणं सोडलं असतंस आणि दिवसभर माझ्यामागे हिंडला असतास. मी तुला ओळखते."

त्यानं हे नाकारलं नाही.

नंतर मी एकटीच पेटीपाशी बसले. साप अंडं डोळ्यांनी शोधत नाही. जिभेनं वास घेतो. त्या अंड्याला कोंबडीचा वास होता आणि ऊब होती. मार्केझाला दुसरं काही कळण्याची सोय नव्हती. मामीलाही नव्हती. दोघींनी एकच चूक एकाच कारणानं केली होती, आणि चांगले डोळे असलेले आम्ही दोघं त्याच घरात वावरत होतो.

सापांच्या नोंदणीच्या दिवशी मामा आजवर कधी गैरहजर राहिला नव्हता. या वेळी त्यानं बाकीचे साप माझ्याकडे दिले आणि तो मामीला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. दोघं परतले तेव्हा मामाच्या शर्टाची बटणं वरखाली लागलेली होती. मामी म्हणाली, "डावा गेला. उजवा औषधानं टिकेल म्हणतात. आता कुणी रडायचं नाही, मला भूक लागलीय."

त्याच संध्याकाळी मार्केझानं पहिल्यांदा जीभ बाहेर काढून पेटीभर हवा चाचपली. मी लावी पक्ष्याचं एक लहानसं अंडं आणलं होतं. मामीनं हात पुढे केला.

"मला दे. मी उपाशी ठेवली तिला, मीच घालते." अंडं हातात आल्यावर तिनं विचारलं, "लाल नाही ना?"

"ठिपके आहेत मामी. तपकिरी."

"ठिपके चालतील."

तिनं ते कोंड्यावर ठेवलं आणि हात तिथेच राहू दिला. मार्केझा तिच्या मनगटाला घासून पुढे आली. मामी दचकली, पण तिनं हात मागे घेतला नाही. जबडा उघडला, अंडं आत गेलं आणि थोड्या वेळानं गळ्याखाली कवच फुटल्याचा बारीक आवाज आला. तो आवाज सर्वांत आधी मामीनं ऐकला.

सणाला मार्केझा घरीच राहिली. संताच्या खांद्यावर सिल्वेस्त्रोचा साप होता. गल्लीत मुंगी शिरायला जागा नव्हती. मामा मामीला कोपराला धरून भिंतीशी उभा होता आणि तिच्या कानात सांगत होता: एक गळ्यात आहे, दोन हातावर, एक काठीवर चढतोय. पुतळा आमच्यासमोर थांबला. सिल्वेस्त्रोचा साप मानेवरून वर सरकला आणि संताच्या चेहऱ्यावर आडवा झाला. आजूबाजूच्या बायकांनी क्रूसाची खूण केली. सापानं संताचे डोळे झाकले तर वर्ष वाईट जातं, हे इथे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं.

मामा बोलायचा थांबला होता.

"काय झालं?" मामीनं विचारलं. "डोळ्यांवर आला का?"

मामा संताच्या बाबतीत कधी खोटं बोललेला नाही. त्याचा हात तिच्या कोपरावर घट्ट झाला.

"आला."

"दोन्ही?"

त्यानं टाचा उंचावून नीट पाहिलं. मीही पाहिलं. "नाही. एकच. डावा."

मामीनं थोडा विचार केला. "मग बरोबर आहे," ती म्हणाली. "डॉक्टरही तेच म्हणाले."