आवणीचं चित्र

बारा वर्षं भीमराव दुसऱ्यांच्या गोष्टींना चित्रं काढत आला होता. आठवडाभर अंबरनाथच्या कारखान्यात नटबोल्टांचे आराखडे, आणि सुट्टीच्या दिवशी कोट घातलेले ससे नि चष्मेवाले उंदीर. पुस्तकावर लेखकाचं नाव ठळक. याचं आतल्या पानावर, भिंग लावून शोधावं इतकं बारीक. अखेर १९९१ साली दादरच्या एका प्रकाशकानं त्याचं स्वतःचं पुस्तक घ्यायचं कबूल केलं. गोष्ट त्याची, चित्रं त्याची, विषय भाताच्या शेतीचा. दिवाळीला ते बाजारात येणार होतं.

छपाईआधीची नमुन्याची पानं हातात पडली तशी त्यानं ती घरी आणून आईपुढे ठेवली. चांगुणाबाईंची उमेदीची वर्षं बदलापूरकडे लोकांच्या शेतात मजुरी करण्यात गेली होती. घरात तो विषय निघत नसे. भीमरावला त्याची लाज वाटायची, आणि लाज वाटते याचीही लाज वाटायची.

भातलावणीच्या पानावर चांगुणाबाई थबकल्या. "बरं हाय," म्हणाल्या. आईच्या 'बरं हाय'मध्ये किती बरं असतं ते लेकाला ठाऊक होतं. त्यानं खोदून विचारलं.

"ह्या बाया पुढं चालल्यात रं. आवणी मागं सरकत करायची असती. ह्या तर आपलंच रोप तुडवत्यात."

भीमरावचा चेहरा खर्रकन उतरला. नाक्यावर जाऊन त्यानं फोन लावला, तर प्रकाशक हसला. "लहान मुलांना काय कळतंय? आता बदलायचं म्हणजे दिवाळी गेली. पुढच्या वर्षीचं मी आज सांगू शकत नाही."

हातातोंडाशी आलेला घास. खरं सांगायचं तर भीमरावचं मन छापू देण्याकडेच झुकलं होतं. घरी येऊन तो म्हणाला, "कुणाला कळणार आहे, आई?"

चांगुणाबाईंनी निवडायला घेतलेली कोथिंबीर उचलली. सत्तरीची ती बाई कमरेत वाकली आणि एकेक काडी फरशीवर ठेवत मागे मागे सरकू लागली.

"कुणाला कळायचं नाय, खरं हाय," वाकूनच त्या म्हणाल्या. "पन तुला बांधावर निजवून मी वाकायची. मागं सरकत गेलं म्हंजे तू समोर दिसायचास. पुढं चालले असते तर तू पाठीमागं राह्यला असतास. रडलास तरी दिसला नसतास."

भीमरावला रडू आवरेना.

आठवड्यानं नवं चित्र घेऊन तो दादरला गेला. बाया मागे सरकत होत्या, तोंडं बांधाकडे. प्रकाशकानं ते बराच वेळ न्याहाळलं.

"आणि हे बांधावर निजलेलं पोर कोण? गोष्टीत तर कुठंच नाही."

"गोष्ट परत लिहितोय," भीमराव म्हणाला. "दिवाळी जाऊ द्या."