बंद नाडीचा चमत्कार

“ढकलाढकली करू नका! बाबा सगळ्यांसाठी मरणार आहेत!” चेला ओरडत होता. बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात माणसं एकमेकांच्या अंगावर चढत होती. पहिल्या रांगेत, अर्थातच, आमचे हे.

नाडीबाबा शाल पांघरून, हात अंगाशी घट्ट धरून बसले होते. “हृदय माझा नोकर आहे. थांब म्हटलं की थांबतं.” ह्यांनी बाबांचं मनगट धरलं आणि डोळेच विस्फारले. “अगं, खरंच! नाडी नाही!” झाला जयजयकार सुरू. मेलेला माणूस मिशीतल्या मिशीत हसत होता, पण तेवढं कोण बघतो!

ह्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं तपासणीत निघालं होतं. गोळ्या चालू होत्या. बाबांनी फर्मावलं, “गोळ्या बंद. तुझ्या हृदयाला मीच हुकूम देतो.” बायकोचं जन्मात न ऐकलेल्या माणसानं बाबांचं एका दमात ऐकलं आणि गोळ्या गटारात टाकल्या. आता घरी येताना प्रत्येक मजल्यावर थांबायचे आणि मला सांगायचे, शेजाऱ्यांची चौकशी करत होतो! शेवटी मीच डॉक्टर असलेल्या नणंदेला घेऊन पुन्हा त्या दुकानात आले; हे पहिल्या रांगेत होतेच.

तिनं बाबांचं मनगट पाहिलं, मान डोलावली आणि हळूच गळ्याशी बोटं टेकवली. “अगंबाई, इथं तर जोरात चाललंय! बाबा, दोन्ही हात वर करून आशीर्वाद द्या ना.”

“समाधीत हात हलत नाहीत.”

“जीभ बरी हलते!” मी म्हटलं आणि सरळ त्यांचं कोपर धरून वर ओढलं. काखेतून रबरी चेंडू टपकन पडला आणि उड्या मारत गर्दीत गेला.

“प्रसाद! प्रसाद!” चेला किंचाळला. धन्य तो चेला.

नणंदेनं चेंडू उचलून ह्यांच्या काखेत दिला. “दादा, दाब. आता तुझीच नाडी बघ.”

“लागत नाही गं!”

“मेलास का? हाताकडे जाणारी रक्तवाहिनी दाबली गेली, एवढंच. हृदय चालूच आहे. पण तुझ्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आतून बुजतायत. वाढलेल्या रक्तदाबानं आणि तुझ्या तंबाखूनं त्यांच्या भिंती खराब केल्या, तिथं चरबीचे थर साचत गेले. वर्षानुवर्षं, काही न दुखता. जिना चढताना हृदयाला जास्त रक्त लागतं, तेवढं पोचत नाही. एक दिवस तो थर फुटेल, त्यावर रक्ताची गुठळी धरेल आणि वाट बंद. ते काही चेंडूसारखं खाली पडणार नाही.”

ह्यांचा चेहरा उतरला. “जिन्यात छाती आवळते,” हे पुटपुटले. “हिला सांगितलं नाही.” मला राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच.

“उशीर झाला का गं?” ह्यांनी बहिणीला विचारलं.

“माहीत नाही. तपासल्याशिवाय सांगायला मी काय बाबा आहे?”

आम्ही तिथून थेट हॉस्पिटलात गेलो. तुम्हीही शंका आली की विचारा, दुखलं की तपासून घ्या. आणि जो म्हणेल ‘तपासू नका, फक्त विश्वास ठेवा’, त्याच्या हाती स्वतःचं हृदय देऊ नका.