हाडवळ्यावरची बदकं

तळं म्हणायचं ते आता अंगणाएवढं डबकं उरलं होतं. यंदाच्या दुष्काळात देवणीकडची सगळी पाखरं त्याच पाण्यावर येऊन बसलेली, आणि त्यातली अकरा भगव्या पिसांची बदकं मरून तरंगत होती. मी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात कामाला. नमुने पाठवले, बर्ड फ्लूचा संशय कळवला. वर फोन लावला तर साहेब नव्या जिल्ह्याच्या बैठकीत. उदगीर जिल्हा होईल तेव्हा होवो, माझा जीव काठावरच्या चिंचेत अडकला होता. तिथं गरुडाचं घरटं होतं आणि त्यात एकुलतं एक पिल्लू. गरुडानं आजारी बदक घरट्यात नेलं तर पिल्लू वाचणार नव्हतं.

"ही काढायची कुणी?" मी जमलेल्यांना विचारलं. सगळे माझ्याकडेच बघायला लागले. शेजारच्या रानाचा मालक केरबा हळूच म्हणाला, "म्याडम, तुमच्यातलं कुणी असंल तर..."

माझं डोकं सणकलं. छप्पन साली धम्म घेतला तेव्हाच आजोबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, ते काय मी बदकं वाहावीत म्हणून? "तळं तुमच्या शिवारात, तुम्हीच काढा," म्हणाले, हातमोज्यांचा पुडा केरबाच्या हातात कोंबला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जिवाला चैन पडेना. परत गेले. केरबा खुशीत होता. "समदी काढली म्याडम. हाडवळ्यावर टाकली."

हाडवळा म्हणजे मेलेली ढोरं टाकायचा गावाबाहेरचा उघडा माळ. गावात मेलेलं जनावर पिढ्यान्‌पिढ्या तिथंच जातं. बदकं पुरायची, हे मी सांगितलंच नव्हतं. रागाच्या भरात नेमकं तेवढंच राहिलं.

पळत गेले. दहाच होती. मोजे चढवून मी एकेक उचलायला लागले. केरबानं खड्डा खणला, वरून चुना टाकला.

राहवेना म्हणून आईला फोन केला. मेलेलं उचललं म्हणून ती चिडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आज्ज्यानं जबरीचं अन् फुकटचं सोडलं, सिंधु. तुला पगार हाय त्याचा. कालच का न्हाई उचलली?"

फोन ठेवला. चिंचेखाली जाऊन उभी राहिले. वर पिल्लू भुकेनं ओरडत होतं आणि गरुडाची मादी काहीतरी फाडत होती. बदकाची भगवी पिसं माझ्या पायाशी येऊन पडली. थोड्या वेळानं घास मिळाला असावा, पिल्लू गप्प झालं.