सात मीटरची बैठक

माणसाने कोणत्या शहरात, त्या शहराच्या कोणत्या टोकाला आणि कोणत्या गल्लीत राहावे हा प्रश्न भावनेने सोडवायचा नसतो. तो विवेकाने, पुरेशी माहिती गोळा करून आणि घरातल्या प्रत्येकाचे हित तोलून सोडवायचा असतो. मी बावीस वर्षे विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो आहे, तेव्हा असली वाक्ये लिहिण्याचा मला अधिकार आहे. कंपनीने पूर्व सीमेवरच्या उज्दा शहरातली शाखा बंद करून मला कॅसाब्लांकाला, सिदी मारूफच्या मुख्य कचेरीत बोलावले, त्याच संध्याकाळी मी एक तक्ता केला. उभे सोळा रकाने: भाडे, शाळा, कचेरीचे अंतर, नळाच्या पाण्याचा दाब, वगैरे. आडव्या ओळींत कॅसाब्लांकाची अकरा उपनगरे. प्रत्येकाला दहापैकी गुण.

माझी बायको यामिना हिने तो तक्ता पाहिला. नीट पाहिला, हे कबूल केले पाहिजे.

"यात बैठक कुठाय?" तिने विचारलं.

"चौदावा रकाना. क्षेत्रफळ."

"क्षेत्रफळ नाही विचारलं, मिलूद. बैठक विचारली."

मग ती गच्चीवर गेली, कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली, आमच्या बैठकीच्या लांब भिंतीला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लावली आणि गाठ मारली. सात मीटर. आडव्या भिंतीसाठी दुसरी गाठ, पाच मीटरची. दोरी तिने पर्समध्ये ठेवली. माझा तक्ता कॅसाब्लांकाच्या गाडीत उकडलेली अंडी सोलायला कामी आला.

ही बैठक म्हणजे भिंतींना लागून तीन बाजूंनी लाकडी बाक, त्यांवर लोकरीच्या पाच गाद्या आणि पाठीशी बावीस लोड. एकेक गादी साडेतीन मीटरची, अखंड. ती लोकर यामिनाच्या आईने स्वतः धुतली, वाळवली, पिंजली आणि मुलीच्या लग्नात दिली. दर दोन वर्षांनी यामिना त्या उसवते, लोकर उन्हात घालते आणि पुन्हा भरते. त्या आठवड्यात घरात सगळ्यांना शिंका येतात आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

मला रजा मिळाली होती पाच दिवसांची. आमच्या दोन्ही मुली उज्द्याला आजीकडे होत्या. सामानाचा ट्रक शनिवारी निघायचा होता आणि तो कुठे न्यायचा हे ड्रायव्हरला शुक्रवारपर्यंत सांगायचे होते.

आम्ही उतरलो माझ्या धाकट्या भावाकडे, जवादकडे. तो मारिफमध्ये, म्हणजे अगदी शहराच्या पोटात, चौथ्या मजल्यावर राहतो. त्याच्याकडे एक राखाडी सोफा आहे. त्यावर पाच माणसे बसतात, त्यातली दोन एकमेकांना आवडत असतील तर.

पहिल्याच दिवशी चहा घेताना त्याची बायको गिझलान म्हणाली, "यामिनाताई, एक सांगू? गाद्या कापून घ्या. आमच्या खाली एकजण करतो. लोकर तोच विकत घेतो, वर स्पंज भरून देतो. हलकं होतं, धुता येतं."

यामिनाने चहाचा पेला खाली ठेवला. "काय कापून घेऊ?"

"गाद्या. तीन मीटरच्या खोलीत साडेतीनची गादी कशी जाणार?"

"मग खोली बदलायची. गादी कशाला बदलायची?"

जवाद म्हणाला, "वहिनी, इथं खोली बदलायला लोक मूत्रपिंड विकतात."

"जवाद, तुझी सोयरीक याच गाद्यांवर ठरली. हिचे दोन्ही मामा त्या दिवशी जेवून तिथेच आडवे झाले होते. घोरत होते. त्यांना कोणी म्हणालं का, की उठा, अर्धा मीटर कमी आहे?"

गिझलानने ट्रे उचलला. मामांचा विषय त्या घरात फारसा काढत नाहीत.

खरे सांगायचे तर मी त्या वेळी गिझलानच्या बाजूचा होतो. कापलेली गादी ही भरपाई मिळण्याजोगी हानी आहे, आणि दोन तासांचा रोजचा प्रवास ही नाही, असे माझे धंद्याचे मत होते.

दुसऱ्या दिवसापासून बुशाईब नावाचा दलाल आम्हाला फिरवू लागला. त्याच्याकडे एका मोठ्या कड्यात चाळीसेक किल्ल्या होत्या आणि दर घरी पहिल्या तीन चुकीच्या निघत. आइन सबाच्या घरात यामिनाने दोरीचे एक टोक मला दिले आणि दुसरे घेऊन ती चालू लागली. गाठ यायच्या कितीतरी आधी भिंत आली.

"हाज्जा, ही मधली भिंत पाडता येईल," बुशाईब म्हणाला.

"मी अजून हजला गेलेले नाही. भिंत कुणाची आहे?"

"शेजाऱ्याची. पण माणूस चांगला आहे."

दार बुअझ्झाच्या घरातून समुद्र दिसत होता आणि बैठकीतून स्वयंपाकघर. मधे भिंतच नव्हती, एक ओटा होता आणि त्याला उंच स्टुले.

"मी कांदा चिरत असताना पाहुणे माझ्याकडे बघत बसणार?"

"आधुनिक आहे, लल्ला," बुशाईब म्हणाला. एव्हाना त्याने हाज्जा सोडून नुसते लल्ला, म्हणजे बाईसाहेब, म्हणणे धरले होते.

"आणि मासे जळले तर?"

"तेही बघतील. आपलेपणा वाटतो म्हणतात."

दोरी पुन्हा पर्समध्ये गेली. दोन दिवसांत नऊ घरे झाली. यामिनाला कोणी काही म्हणाले तर ती एकच उत्तर देई: "मोजा की." दलाल, रखवालदार, एका घराची मालकीण, तिचा जावई, सगळ्यांनी कधी ना कधी त्या दोरीचे एक टोक धरले. कोणाला नाही म्हणता आले नाही. दोरी हातात दिली की माणूस धरतो, असा माझा अनुभव आहे.

गुरुवारी जवादने आम्हाला बुस्कूराला नेले. तिथे नवी वसाहत होत होती, कंपनीतले माझे निम्मे सहकारी तिकडेच राहायला गेले होते आणि तक्त्यात बुस्कूराला मी सर्वांत जास्त गुण दिले होते. नमुन्याचे घर दाखवायला रीम नावाची एक तरुण बाई होती. तिने आमच्या पायांत निळ्या पिशव्या घालायला लावल्या. घरात बैठकीची खोली चार मीटरची होती आणि तिच्यात एक सोफा, एक कुंडी आणि काचेच्या वाटीत प्लास्टिकची लिंबे होती.

यामिनाने पर्स उघडली. रीम हसून म्हणाली, "मॅडम, माप आम्ही छापील देतो."

"माझ्याकडे आहे माप."

दोरी लावून झाल्यावर रीमने समजूतदार आवाजात सांगितले, "आमचे ग्राहक आता भिंतींना टेकून बसत नाहीत. पाहुण्यांना ते बाहेर भेटतात. खाली छान कॅफे आहे."

यामिनाने दोरी गुंडाळायला घेतली, आणि तिला गुंडाळी जमेना. एकोणीस वर्षांत मी तिला तीन माणसांना पुरेल एवढी पोळी एका हाताने उलटताना पाहिले आहे. ती गुंडाळी मला बघवली नाही.

"एक विचारतो," मी म्हणालो. "घरात कोणी वारलं तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी. समजा मी वारलो. तीन दिवस लोक येणार, कुराण वाचणारे येणार, उज्द्याहून दोन बस भरून माणसं येणार. ती कुठे बसणार?"

रीमने छापील पुस्तिका चाळली. तिला उत्तर सापडले, हे तिच्या चेहऱ्यावर दिसले. "आपल्याकडे क्लबहाऊस आहे ना. साठ खुर्च्या."

"ते मिळेल?"

"नक्की. फक्त पंधरा दिवस आधी नाव नोंदवावं लागतं."

माझ्या कामात मी हजारेक मृत्यूंची कागदपत्रे पाहिली आहेत. पंधरा दिवस आधी नाव नोंदवून गेलेला त्यात एकही नव्हता. असे एखादे प्रकरण आले असते तर मी पोलिसांना कळवले असते.

"ताई," मी म्हणालो, "तुमचं घर सुंदर आहे. पण यात जिवंतच राहावं लागेल." आणि मी यामिनाच्या हातातून दोरी घेतली, माझ्या कोपराभोवती गुंडाळली आणि माझ्या खिशात ठेवली. निळ्या पिशव्या काढायच्या राहिल्या. त्या घालूनच आम्ही गाडीपर्यंत गेलो.

गाडीत जवाद म्हणाला, "दादा, निदान तुला तरी अक्कल होती."

"गाडी चालव," मी म्हणालो.

शुक्रवारी सकाळी बुशाईबला सांगितले की आज शेवटचा दिवस. त्याने किल्ल्यांचे कडे दोनदा फिरवले. "एक आहे. पण दाखवायला लाज वाटते. तित मलीलला आहे."

"आम्हाला लाज नाही," यामिना म्हणाली. "दाखवा."

तित मलीलपर्यंत सहा प्रवाशांच्या टॅक्सीने जावे लागते, आणि सहावा येईपर्यंत टॅक्सी हलत नाही. रस्त्यात विटांचे ढीग, एक गॅरेज, मग आणखी एक गॅरेज. घर दुमजली. मालक इटलीत ट्रक चालवतो आणि त्याची आई, हाज्जा मबार्का, वरच्या मजल्यावर राहते. खालचा मजला भाड्याने. तिने आम्हाला दारातच थांबवले. माझी नोकरी, पगार, मुले यांतले काही तिने विचारले नाही.

"गाद्या लोकरीच्या की स्पंजच्या?"

"लोकरीच्या," यामिना म्हणाली.

"कुठली लोकर?"

"बनी गिलच्या मेंढ्यांची. आईने स्वतः धुतलेली."

"साबणाने?"

"साबण कशाला लावेल माझी आई? नदीवर, नुसत्या पाण्यात, दांडक्याने बडवून."

हाज्जा बाजूला झाली. "आत या. भाड्याचं नंतर बोलू."

बैठकीची खोली घराच्या समोरच्या बाजूला होती, तीन खिडक्यांची, छताला प्लॅस्टरची नक्षी. मालकाने इटलीत अठरा वर्षे डोक्यात ठेवून ती बांधली असावी, कारण बाकी घराकडे त्याचे लक्ष दिसत नव्हते. झोपायच्या दोन खोल्या अशा की पलंग ठेवला की दार अर्धेच उघडावे. एकीची खिडकी हवेच्या बोळात. यामिनाने माझ्या खिशातून दोरी काढली. एक टोक हाज्जाने आपणहून धरले. सात मीटरची गाठ आली तरी पुढे भिंतीपर्यंत वीतभर जागा उरली.

"वीतभर कशाला ठेवलीय?" यामिनाने विचारलं.

"पडद्याला," हाज्जा म्हणाली. "पडदा काय गादीत कोंबणार?"

त्या वीतभर जागेवर घर ठरले. मी ट्रकवाल्याला फोन केला.

मारिफमध्ये बातमी चांगली घेतली गेली नाही. "दादा, तित मलील?" जवाद म्हणाला. "सिदी मारूफला जायला दीड तास लागेल. कचेरीत काय सांगशील?"

"तित मलील सांगेन. पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगेन."

गिझलान म्हणाली, "आणि मी मैत्रिणींना काय सांगू? माझे मोठे दीर तिकडे विटांच्या भट्ट्यांत राहतात म्हणून?"

"सांग, माझ्या जावेकडे बसायला जागा आहे," यामिना म्हणाली.

कचेरीत पहिल्याच सोमवारी विभागप्रमुखांनी विचारले, घर कुठे घेतलं, बुस्कूरा की कॅलिफोर्नी? दोन्ही साहेबी उपनगरे. मी तित मलील म्हणालो. ते म्हणाले, "तात्पुरतं ना?" मी म्हणालो, "नाही." त्या विभागात इतके छोटे उत्तर त्यांना आजवर कोणी दिले नव्हते, असे नंतर टायपिस्टने सांगितले. त्याबद्दल माझी बढती एक वर्ष पुढे गेली असावी. मी विचारायला गेलो नाही.

ट्रक आला तेव्हा गल्लीतली माणसे गाद्या उतरवायला न बोलावता आली. साडेतीन मीटरची गादी तिघांनी खांद्यावर घेतली की लांबून मिरवणुकीसारखे दिसते. बाक लागले, गाद्या चढल्या, लोड उभे राहिले. यामिना दारात उभी राहून बघत होती. मग आत जाऊन मधल्या भिंतीच्या बरोबर मध्यभागी बसली आणि मला म्हणाली, "तिकडे बस. त्या टोकाला. आता काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. आवाज मोठा करावा लागतो का, बघायचंय."

करावा लागला.

पुढच्या शुक्रवारी आम्ही सगळ्यांना कुसकुस जेवायला बोलावले. उज्द्याहून चौदा माणसे आली, यामिनाची आई धरून. गल्लीतले नऊ. हाज्जा मबार्का तिच्या दोन बहिणींसह. जवाद, गिझलान, आणि कॅसाब्लांकाची नसलेली कोणतीही गोष्ट न आवडणारी गिझलानची आई. मोजून एकोणतीस, शिवाय आम्ही चौघे. चार परातींभोवती सगळे मांडीला मांडी लावून बसले आणि तरी एक गादी पूर्ण रिकामी राहिली. यामिना मुद्दाम तिच्यासमोरून तीनदा गेली. गिझलानच्या आईने लोड चाचपला, आत बोट रुतवून पाहिले आणि मुलीला विचारले, "तुमच्याकडे असलं का नाही गं?" गिझलान म्हणाली, "आई, जेव." जेवण झाल्यावर जवाद त्या रिकाम्या गादीवर आडवा झाला आणि असराच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, बांगेपर्यंत उठला नाही. यामिनाची आई त्याच्या उशाशी बसून गादीच्या शिवणी तपासत होती.

त्या संध्याकाळी पाहुण्यांना टॅक्सीत बसवून परत येताना मी छाती पुढे काढून चालत होतो. कॅसाब्लांकाने आम्हाला आखडून बसायला सांगितले होते आणि आम्ही बसलो नव्हतो.

शनिवारी सकाळी यामिनाने लोड झटकले, गाद्यांवर चादरी घातल्या, चादरींवर प्लास्टिक घातले, तिन्ही खिडक्यांचे पडदे ओढले आणि बैठकीला कुलूप लावले. पाहुणे आल्याशिवाय ती उघडायची नाही, हे मुलींना सांगावेही लागले नाही. त्याला आता अकरा महिने झाले. आम्ही स्वयंपाकघरात जेवतो, मुली अभ्यास तिथेच करतात, टीव्ही तिथेच फ्रीजवर ठेवला आहे, आणि मी हे तिथेच, गॅसच्या शेजारी बसून लिहितो आहे. स्वयंपाकघर दोन मीटर बाय अडीच मीटर आहे.